स्वस्त साउंड कार्डातला हरवलेला खर्ज

लॅपटॉपला यूएसबीतून जोडायचं छोटं साउंड कार्ड काही शे रुपयांत मिळतं. हेडफोन लावून ऐकलं की आवाज वरून खणखणीत, पण खाली पोकळ वाटतो. गाणं थांबलं की मागे बारीक किणकिण ऐकू येते. मग दोष चिपवर जातो आणि कार्ड खणात पडतं. बऱ्याच वेळा चिप निर्दोष असते. कंजुषी झालेली असते ती तिच्याभोवतीच्या दोन-चार रुपयांच्या भागांत, आणि ती भरून काढणं घरच्या टेबलावर होण्यासारखं काम आहे.

उदाहरणासाठी पीसीएम२७०४ ही चिप घेऊ. ती मूळची बर-ब्राउन या कंपनीच्या घराण्यातली. ही कंपनी २००० साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं विकत घेतली. चिप १६ बिटची, ४८ किलोहर्ट्झपर्यंत चालणारी. वेगळा ड्रायव्हर लागत नाही. डेटाशीटप्रमाणे संकेत आणि खरखर यांतलं अंतर ९८ डेसिबल आहे, म्हणजे सीडीच्या सैद्धांतिक मर्यादेच्या अगदी जवळ. हे आकडे खोटे नाहीत, पण ते चिपला स्वच्छ वीज आणि योग्य कपॅसिटर दिल्यावरचे आहेत.

कार्ड उघडल्यावर आधी चिपकडे बघा. चौकोनी काळी चिप, तिच्या दोन बाजूंना बारीक पाय आणि वर छापलेला क्रमांक दिसला तर काम पुढे न्यायला हरकत नाही. त्या क्रमांकाचं डेटाशीट उतरवून घ्या. त्यात कंपनीनं सुचवलेली जोडणीची आकृती असते, तीच आपला नकाशा. चिपच्या जागी नुसता डांबरासारखा काळा थेंब असेल तर मात्र झाकण परत लावून टाका. कोणती चिप आहे हेच कळत नाही आणि तिच्या पायांपर्यंत पोचताही येत नाही. अशा कार्डावर वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी मोजणी करायची. कानावर विसंबून केलेली सुधारणा अनेकदा नुसती समजूत ठरते, कारण नवा भाग आपण स्वतः बसवलेला असला की तो चांगलाच वाजतो. दुसऱ्या संगणकाच्या किंवा रेकॉर्डरच्या लाइन-इनला कार्डाचं आउटपुट जोडा आणि ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड करा. पूर्ण शांतता वाजवू नका, कारण काही चिपा शांतता ओळखून आउटपुट आपोआप बंद करतात. त्याऐवजी ४०० हर्ट्झचा सूर ६० डेसिबलनं खाली उतरवून वाजवा. मग प्लॉट स्पेक्ट्रममध्ये आलेख पाहा. १०००, २०००, ३००० हर्ट्झवर सुळके दिसले तर ती यूएसबीची किणकिण. अशा कार्डांच्या यूएसबीत दर मिलिसेकंदाला माहितीची एक फेरी होते, म्हणजे सेकंदाला हजार, आणि तो ठेका वीजवाहिनीतून आवाजात उतरतो. ५०, १००, १५० हर्ट्झवर सुळके असतील तर ती घरातल्या विजेची गुणगुण. या दोन रोगांची औषधं वेगळी आहेत.

आता खर्जाकडे येऊ, कारण सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. या चिपच्या आउटपुटवर संगीताबरोबर सुमारे दीड-पावणेदोन व्होल्टचा स्थिर दाब असतो. तो हेडफोनमध्ये जाऊ नये म्हणून प्रत्येक चॅनेलवर एक कपॅसिटर घालतात. बदलता संकेत तो पुढे सोडतो आणि स्थिर दाब अडवतो. पण जे फार सावकाश बदलतं तेही तो थोडंफार अडवतो, आणि खालचे स्वर म्हणजे सावकाश बदलणारा संकेतच. कुठून अडवायला लागेल हे दोन गोष्टी ठरवतात: कपॅसिटरची क्षमता आणि हेडफोनचा रोध. हिशेब सोपा आहे. ओहम आणि मायक्रोफॅरड यांचा गुणाकार करायचा आणि त्यानं १,५९,००० ला भागायचं. येणारा आकडा म्हणजे हर्ट्झमधली सीमा. तिथे आवाज ३ डेसिबल उतरलेला असतो आणि त्याच्या खाली आणखी उतरत जातो.

डेटाशीटच्या आकृतीत १०० मायक्रोफॅरड दाखवले आहेत. ३२ ओहमच्या हेडफोनला सीमा येते ५० हर्ट्झ. १६ ओहमचे इयरफोन लावले की तीच १०० हर्ट्झ होते. बनवणाऱ्यानं आणखी काटकसर करून १० मायक्रोफॅरड टाकले असतील तर ३२ ओहमला सीमा थेट ५०० हर्ट्झवर जाते, आणि पुरुष गायकाचा मंद्र, मध्य सप्तक सगळंच पातळ होतं.

काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झला असतो. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. १०० मायक्रोफॅरड आणि १६ ओहम असा संयोग असेल तर ६९ हर्ट्झचा मूळ स्वर ५७ टक्क्यांवर येतो. डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची डावी बाजू, चेलोची सगळ्यात खालची तार, हे सगळं याच पट्ट्यात येतं. कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरडचे केले तर त्याच इयरफोनला सीमा २१ हर्ट्झवर सरकते आणि तो स्वर ९६ टक्के शिल्लक राहतो. दोन कपॅसिटर बदलून एवढं मिळत असेल तर ते सोडू नये.

बसवताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. अधिक बाजू चिपकडे, उणे बाजू हेडफोनच्या जॅककडे. व्होल्टेज ६.३ किंवा १० पुरे. ६३ व्होल्टचा आणला तर आवाज सुधारत नाही, फक्त डबीत मावत नाही. आणि जुना कपॅसिटर ओढून काढायचा नाही. स्वस्त बोर्डावरची तांब्याची पट्टी कागदासारखी सुटून येते. दोन्ही पायांवर थोडं नवं सोल्डर द्या, आळीपाळीनं तापवा, तो आपण होऊन सैल होतो. जागा कमी असेल तर नवा कपॅसिटर आडवा झोपवून पायांवर स्लीव्ह चढवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत हे भाग कंडेन्सर म्हणून सहज मिळतात. नावाजलेल्या ब्रँडचे नकली कपॅसिटर बाजारात असतात, म्हणून जमलं तर मीटरवर क्षमता तपासून घ्या.

यानंतर पुन्हा मोजणी करताना एक खुबी लक्षात ठेवा. लाइन-इनचा रोध १० किलोओहम किंवा जास्त असतो, त्यामुळे तिथे १०० मायक्रोफॅरडसुद्धा खर्ज पूर्ण सोडतात आणि आलेखात आधी आणि नंतर काहीच फरक दिसत नाही. हेडफोनचा भार दाखवायला प्रत्येक चॅनेलवर ३३ ओहमचा रेझिस्टर समांतर जोडा आणि मग मोजा. याच कारणानं, कार्ड फक्त अॅम्प्लिफायरलाच जोडायचं असेल तर मोठ्या कपॅसिटरची गरज नाही. तिथे २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटरही पुरतो.

किणकिणीचं औषध पाच व्होल्टच्या वाटेवर आहे. अनेक जण तिथे सरळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठोकतात. ते चूक आहे. यूएसबीच्या नियमांप्रमाणे उपकरणानं पोर्टवर १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त थेट क्षमता टांगायची नसते, कारण कार्ड खोचताक्षणी रिकामा कपॅसिटर मोठा प्रवाह ओढतो आणि पोर्ट दबतो. म्हणून मध्ये रोध हवा. यूएसबीच्या प्लगकडून चिपकडे जाणारी पाच व्होल्टची पट्टी कटरनं कापा, तिथे १० ओहमचा रेझिस्टर लावा आणि त्याच्या पुढे, चिपच्या बाजूला, पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये २२० मायक्रोफॅरड घाला. आता खोचतानाचा प्रवाह अर्ध्या अँपिअरपाशी थांबतो. ही गाळणी ७२ हर्ट्झपासून काम करू लागते आणि १००० हर्ट्झचा वीजवाहिनीतला गोंगाट साधारण चौदाव्या हिश्श्यावर आणते. रेझिस्टरवर थोडं व्होल्टेज पडतं, तेव्हा मोठ्या आवाजात गाणं लावून चिपच्या पायावर मीटर धरा. या चिपला ४.३५ व्होल्ट तरी हवेत. त्याखाली जात असेल तर ४.७ ओहम लावा. गाळणी थोडी सैल होईल, पण चालेल.

घरातल्या विजेची गुणगुण यानं जात नाही. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर कारण कार्डाच्या बाहेर, अर्थिंगच्या वाटेत आहे. दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की झिणझिण्या येतात, तीच गळती केबलच्या ग्राउंडमधून अॅम्प्लिफायरपर्यंत पोचते. यावर तीन पिनांतली अर्थची पिन तोडणं हा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका, तो जिवावर बेतणारा आहे. योग्य उपाय म्हणजे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, किंवा अॅनालॉग डिव्हायसेसच्या एडीयूएम३१६० किंवा ४१६० चिपवरचा यूएसबी आयसोलेटर. तो सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंतच चालतो, आणि आपलं कार्ड नेमकं त्याच वेगाचं आहे. मात्र आयसोलेटरवर वीज पलीकडे नेणारा छोटा कन्व्हर्टर असतो आणि तो स्वतःचा गोंगाट करतो. म्हणून वरची रेझिस्टर-कपॅसिटरची गाळणी आयसोलेटर लावल्यावर जास्तच कामाची ठरते.

चिपचा ठेका ठरवणारा स्फटिक बदलणं, महागड्या केबली, सोन्याचा मुलामा दिलेले जॅक, यांवर मी पैसे घालणार नाही. त्यापेक्षा कार्डाचा आवाज संगणकात पूर्ण ठेवा आणि अॅम्प्लिफायरवर कमी करा. चिपच्या आत डिजिटल पद्धतीनं आवाज उतरवला की दर ६ डेसिबलमागे १६ पैकी एक बिट जातो.

३२ ओहमच्या हेडफोनला ही चिप सुमारे १२ मिलीवॅट देते. साध्या हेडफोनला ते भरपूर आहे. ३०० ओहमचे स्टुडिओ हेडफोन मात्र त्यावर मंदच वाजतील, त्यांना पुढे वेगळा अॅम्प्लिफायर लागेल. आणि मोठे कपॅसिटर बसवल्यावर कार्ड खोचताना 'ठक्' असा आवाज आधीपेक्षा जोरात येतो. तेव्हा आधी कार्ड खोचा, मग हेडफोन कानाला लावा.