खेळाडू मास्तर होतो तेव्हा

आपल्या बपेऱ्यात कबड्डी सगळ्यांना येते, बास्केटबॉल मात्र थोड्यांनीच पाहिला असेल. एका बाजूला पाच गडी, आणि दहा फूट उंचीवरच्या लोखंडी कड्यात चेंडू टाकायचा. मुंबईच्या नागपाड्यातले अब्बास मुंतसिर हा खेळ खेळता खेळता भारताचे कप्तान झाले. १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे ते प्रशिक्षक झाले, म्हणजे खेळ शिकवणारे मास्तर. मला वाटायचे, हे काम सोपे! पण सामना चालू असताना प्रशिक्षकाला मैदानात उतरता येत नाही. आपला गडी चुकताना दिसतो, हात शिवशिवतात, तरी बाहेरच राहायचे. फार तर खेळ एक मिनिट थांबवून सांगायचे. परवा कबड्डीत मी बाद होऊन बाहेर बसलो. ओरडून ओरडून घसा बसला, पण कोणी ऐकलंच नाही.