सरासरी गाठली, तरी विहीर कोरडी का?

पावसाळा संपला की 'यंदा पावसाने सरासरी गाठली' अशी बातमी येते. ती वाचून एखादा विद्यार्थी विचारतो, "मग आमच्या विहिरीला पाणी का नाही?" बातमीही खरी असते आणि विहीरही कोरडी असते. हे कसे, ते पाहू.

यंदाच्या पावसातून सरासरी वजा करायची, उरलेल्या आकड्याला सरासरीने भागायचे आणि १०० ने गुणायचे. आलेली संख्या म्हणजे सरासरीपासूनचे टक्केवारीतील विचलन. जिल्हा किंवा विभागासाठी हे विचलन उणे १९ ते अधिक १९ टक्के असेल, तर भारतीय हवामान विभाग पावसाला 'सामान्य' म्हणतो. त्याहून कमी म्हणजे तूट आणि जास्त म्हणजे आधिक्य.

आता एक काल्पनिक गाव घेऊ. तेथील सरासरी पाऊस जूनमध्ये १४०, जुलैत १८०, ऑगस्टमध्ये १५० आणि सप्टेंबरमध्ये १६० मिलिमीटर, एकूण ६३०. एका वर्षी तेथे अनुक्रमे ६०, ३३०, ४० आणि १८० मिलिमीटर, म्हणजे एकूण ६१० मिलिमीटर पाऊस झाला. हंगामाची तूट फक्त ३ टक्के. महिनावार पाहिले तर जूनमध्ये ५७ टक्के तूट, जुलैत ८३ टक्के आधिक्य आणि ऑगस्टमध्ये ७३ टक्के तूट! पेरणी लांबली, जुलैचे पाणी बरेचसे ओढ्याने वाहून गेले आणि पीक फुलोऱ्यात असताना पावसाने ओढ दिली. बेरजेत जुलैने ऑगस्टची भरपाई केली. शेतात तशी भरपाई होत नाही.

२०२३ साली असेच घडले. देशात जुलैचा पाऊस सरासरीहून १३ टक्के जास्त होता, तर ऑगस्टचा ३६ टक्के कमी. १९०१ पासूनच्या नोंदींतील तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. तरीही संपूर्ण हंगामाची तूट सुमारे ६ टक्केच होती. त्याच वर्षी महाराष्ट्रात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला.

सरासरी कोणत्या ठिकाणची, हेही विचारले पाहिजे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. या दोन्ही ठिकाणांसाठी जिल्ह्याची सरासरी निरुपयोगीच.

तिसरा प्रश्न, सरासरी कोणत्या वर्षांची? देशाच्या मोसमी पावसाची सरासरी १९६१ ते २०१० या काळासाठी सुमारे ८८ सेंटिमीटर होती. २०२२ पासून १९७१ ते २०२० ही वर्षे धरली जातात आणि ती सुमारे ८७ सेंटिमीटर झाली. म्हणजे फूटपट्टीच थोडी बदलली. म्हणून जुन्या आणि नव्या बातम्यांतील टक्के जसेच्या तसे शेजारी मांडू नयेत.

वर्गात करून पाहण्याजोगा उपक्रम असा. आपल्या तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या तीस वर्षांच्या महिनावार नोंदी तहसील कार्यालयातून मिळवा. प्रत्येक महिन्याची सरासरी काढा आणि यंदाचे आकडे शेजारी मांडा. मग त्या वर्षी पेरणी केव्हा झाली, पीक कसे आले आणि विहिरींना पाणी किती होते, हे विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून तक्त्यात लिहावे. कोणत्या महिन्याची तूट गावाला महाग पडते, हे त्या तक्त्यावरून त्यांचे त्यांनाच उमगेल.