एकाच पकडीनं टेनिस खेळता येत नाही

भोपाळमध्ये तात्या टोपे यांच्या नावाच्या टी. टी. नगरात राज्याच्या क्रीडा खात्याचं स्टेडियम आहे. त्यामुळे इथल्या मराठी घरांतल्या मुलांना खेळाची गोडी लवकर लागते आणि टेनिस सुरू झालं की पहिल्याच दिवशी कानावर पडतं, ‘रॅकेटशी हात मिळव.’ सल्ला योग्य आहे. ती पकड म्हणजे ईस्टर्न फोरहँड. गैरसमज नंतर होतो, तीच पकड प्रत्येक फटक्याला चालते असा.

रॅकेटच्या मुठीला आठ पैलू असतात. रॅकेट कडेवर उभी धरली, की वरचा सपाट पैलू पहिला. मुठीच्या बुडाकडून बघत उजव्या हाताच्या खेळाडूनं घड्याळाच्या दिशेनं मोजायचं, डावखुऱ्यानं उलट. तर्जनीच्या बुडाचा सांधा आणि करंगळीखालचा तळहाताचा मांसल भाग कुठल्या पैलूवर टेकतो, त्यावर पकड ठरते. दुसऱ्यावर कॉन्टिनेंटल, तिसऱ्यावर ईस्टर्न, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न, पाचव्यावर वेस्टर्न. एका हातानं मारायच्या बॅकहँडला सांधा पहिल्या पैलूवर येतो. अंगठा आणि तर्जनीमधल्या ‘व्ही’वरूनही पकड सांगतात, पण हाताच्या ठेवणीप्रमाणे तो इकडेतिकडे सरकतो. सांधा बघणं जास्त भरवशाचं.

सर्वाधिक नुकसान सर्व्हिसमध्ये होतं. नवशिका तवा धरल्यासारखी रॅकेट धरतो, कारण तारा समोर दिसतात आणि चेंडू पलीकडे जाईल असा धीर येतो. सुरुवातीला जातोही. पण या पकडीत चेंडू पुढे ढकलला जातो. हात कोपरापासून बाहेरच्या बाजूला फिरवायला वाव उरत नाही. वेग आणि फिरकी त्या फिरण्यातूनच येतात. कॉन्टिनेंटल पकडीत आधी बरेच दिवस चेंडू भलतीकडे जातात. त्या काळात मुलाला गुण मोजायला लावू नये, असं मला मनापासून वाटतं. हरायच्या भीतीनं ते पुन्हा तव्यावर येतं.

व्हॉलीलाही कॉन्टिनेंटल पकडच. दुहेरीत नेटपाशी चेंडू इतक्या झपाट्यानं येतो, की फोरहँड आणि बॅकहँडसाठी पकड बदलायला सवडच मिळत नाही. कॉन्टिनेंटल दोन्हीकडे चालते.

फोरहँडला नदाल सेमी-वेस्टर्न धरायचा म्हणून तीच श्रेष्ठ, हेही खरं नाही. खांद्याजवळ उसळणाऱ्या चेंडूला टॉपस्पिन द्यायला ती उत्तम, पण खाली राहणाऱ्या चेंडूला अवघड. फेडररची पकड ईस्टर्नच्या जवळची होती.

दोन हातांच्या बॅकहँडमध्ये डावा हात नुसता आधाराला असतो, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर उजवा हात दुसऱ्या पैलूवर असतो आणि वरचा डावा हात आपला फोरहँड मारत असतो. दोन फटक्यांच्या मधेही डाव्या हाताला काम आहे: रॅकेटचा गळा धरून ती फिरवायची, उजवा हात सैल ठेवायचा. पकड बदलते ती अशी.

घट्ट आवळलं की जोर वाढतो, हाही भ्रमच. चेंडू तारांवर जेमतेम पाच मिलिसेकंद असतो. तेवढ्यात हात काहीच सुधारू शकत नाही. आवळलेल्या मुठीमुळे मनगट मात्र अडतं आणि कोपरावर ताण येतो. भोपाळच्या उन्हाळ्यात घामानं हात निसटतो म्हणून आवळण्यापेक्षा मुठीवर गुंडाळलेली ओव्हरग्रिपची पट्टी बदलावी.

आणि एक पालकांसाठी. गणवेशासारखी रॅकेट वाढत्या मापाची घेऊ नये. जाड मुठीवर बोटं पुरत नाहीत आणि मग आठ पैलूंचा हा सगळा हिशेब मुलाच्या हाताला कळतच नाही. मूठ धरल्यावर बोटांची टोकं आणि तळहात यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावली, की माप बरोबर. बोट शिरलंच नाही तर मूठ बारीक, फट मोठी राहिली तर जाड.