मासा पकडला, फोटो काढला, सोडून दिला... पण तो जगला का?

रॉड वाकलाय, दोरी ताणलीये, काठावर आरडाओरडा सुरू आहे. मग मासा वर येतो, जबड्याला स्टीलची पकड लावून हवेत उचलला जातो. एक फोटो समोरून, एक आडवा, एक मित्रासोबत. शेवटी त्याला पाण्यात सोडतात, शेपटी हलते आणि स्क्रीनवर अक्षरं येतात, ‘कॅच अँड रिलीज’. कमेंटमध्ये हार्टचा पाऊस.

मासा दिसेनासा झाला की रील संपतं. त्या माशाचं पुढे काय झालं हे कुणालाच कळत नाही. पोहत गेलेला मासा काही तासांनी मरू शकतो आणि तोवर काठावरची मंडळी घरी पोचलेली असतात.

बाजारात नेण्यासाठी मासे पकडणाऱ्याला याची चिंता नसते. पण मासा सोडायचाच असेल, तर गळाला लागल्यापासून सुटेपर्यंतची दोन-चार मिनिटं त्याच्यासाठी निर्णायक ठरतात. त्यात सगळ्यात मोठा वाटा असतो हातातल्या साधनांचा.

भारतात हा विषय निघाला की महसीरचं नाव येतंच. कर्नाटकात कावेरीच्या काठी नाचणीच्या गोळ्यांवर महसीर पकडून सोडण्याचा खेळ अनेक वर्षं चालला. तिथल्या गॅलिबोर कॅम्पवर १९९८ ते २०१२ या काळात पकडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. सहा हजारांहून जास्त मासे, त्यातला सगळ्यात मोठा जवळपास ४७ किलोचा! याच नोंदींवरून संशोधकांच्या लक्षात आलं की कावेरीचा मूळचा कुबडवाला महसीर झपाट्याने कमी होतोय आणि बाहेरून आणून सोडलेला निळ्या पराचा महसीर वाढतोय. २०१८ मध्ये कुबडवाल्या महसीरची नोंद आययूसीएनच्या यादीत ‘अतिधोक्यात’ अशी झाली.

हा निळ्या पराचा महसीर म्हणजे आपल्याकडचा खडशी. कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पुढे लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं तयार झाली आणि देशभरातल्या पाण्यात गेली, त्यात कावेरीही होती. एका नदीतला मासा दुसऱ्या नदीत सोडणं किती महागात पडू शकतं, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. पण ज्या जातीचे मोजकेच मासे उरलेत, तिथे चुकीच्या हाताळणीने अंड्यांवर आलेली एक मोठी मादी गेली तरी नुकसान मोठं असतं.

माशाच्या शरीरात नेमकं काय होतं?

गळाला लागलेला मासा जीव तोडून ओढतो. शंभर मीटर धावल्यावर आपले पाय भरून येतात, तसे त्याचे स्नायू भरून येतात आणि रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढतं. त्या क्षणी त्याला सगळ्यात जास्त गरज असते ऑक्सिजनची आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला पाण्याबाहेर काढतो. कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या पाण्यातच पसरलेल्या राहतात. हवेत त्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास जवळजवळ बंद होतो.

१९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला रेनबो ट्राउटवरचा एक प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. फक्त दमवलेल्या माशांपैकी ८८ टक्के १२ तासांनंतर जिवंत होते. दमवून वर ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ६२ टक्के. आणि ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी? फक्त २८ टक्के.

हा प्रयोगशाळेतला आकडा आहे, हे लक्षात ठेवायला हवं. नंतर थंड नद्यांमध्ये झालेल्या काही अभ्यासांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. कावेरीतल्या खडशीवरही अभ्यास झालाय. तो मासा तसा चिवट निघाला, पण झुंज लांबली की त्याची अवस्था बिघडत होती आणि मोठ्या माशांची झुंज जास्त लांबते. आपल्याकडचा उन्हाळा यात भर घालतो, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी असतो. म्हणून दोरी मजबूत घ्यायची आणि मासा लवकर काठाशी आणायचा. तासभर ‘खेळवला’ ही कौतुकाची गोष्ट नाही.

जाळी कुठली?

माशाचं अंग बुळबुळीत लागतं, ते त्याचं चिलखत असतं. त्या थरामुळे बुरशी आणि जंतू आत शिरत नाहीत. गाठी असलेली नायलॉनची जाळी हा थर खरवडते, खवले काढते, पर फाडते. ब्लूगिल या माशावर २००३ मध्ये आलेल्या अभ्यासात चार प्रकारच्या जाळ्या तपासल्या होत्या. गाठीच्या जाळ्यांनी जास्त इजा आणि जास्त मृत्यू झाले, रबरी आणि बिनगाठीच्या जाळ्यांनी कमी. गंमत म्हणजे ज्या माशांना जाळी लावलीच नव्हती, त्यातला एकही मेला नाही. म्हणजे छोटा मासा पाण्यातच हाताने सोडवता येत असेल तर जाळी राहू द्या.

मोठ्या माशाला मात्र ती लागतेच. रबरी किंवा रबराचा लेप असलेली, बिनगाठीची, माशाला दुमडावं लागणार नाही इतकी रुंद आणि खोल. आधी ओली करायची, पाण्यात धरून ठेवायची आणि मासा तिच्यावर आणायचा. घाईत शेपटीकडून झडप घातली की मासा उसळतो. एकदा तो आत आला की जाळी वर उचलायची नाही, पाण्यातच ठेवायची.

आणि ती स्टीलची पकड?

लिप ग्रिपर दिसायला भारी, वापरायला सोपा. पण बोनफिश या समुद्री माशावरच्या २००८ च्या अभ्यासात, ग्रिपरने पाण्यात धरलेल्या ८० टक्के आणि हवेत लटकवलेल्या १०० टक्के माशांच्या तोंडाला इजा झाली होती. माशाचं वजन एरवी पाणी तोलत असतं. उभा लटकवला की सगळा भार जबड्यावर आणि मणक्यावर येतो. दातांचा मासा असेल तर ग्रिपरने बोटं वाचतात हे खरं. तेव्हा तो तोंड स्थिर ठेवण्यापुरता वापरा, वजन दुसऱ्या हातावर घ्या.

गळ काढायला लांब नाकाची पक्कड कमरेलाच हवी. बॅगेत शोधण्यात अर्धा मिनिट जातो. गळाचा उलटा काटा घरीच पक्कडीने दाबून सपाट केला, तर तो सहज निघतो. दोरी सैल पडली की एखादा मासा निसटेल, पण सोडायचाच होता ना! गळ घशात खोल गेला असेल तर ओढाताण करू नका, दोरी तोंडाजवळ कापा. हात ओले हवेत, कोरडा टॉवेल नको, बोटं कल्ल्यांत घालायची नाहीत आणि मासा तापलेल्या दगडावर किंवा वाळूवर टेकवायचा नाही.

आता फोटो. कॅमेरा तयार होईपर्यंत मासा जाळीत, पाण्याखाली. मग एक हात शेपटीच्या देठाशी, दुसरा पोटाखाली पुढच्या परांजवळ. पाण्यापासून वीतभर वर, पाच-दहा सेकंद, की परत आत. अंगावरून पाणी निथळत असलेला फोटो तसाही जास्त चांगला येतो.

सोडताना त्याला फेकू नका. प्रवाहाकडे तोंड करून सरळ धरा, कल्ल्यांतून पाणी वाहू द्या. धरणाच्या शांत पाण्यात त्याला हळूहळू पुढे सरकवा. कलंडत असेल तर अजून थांबा. शेपटीला जोर आला की तो स्वतःच हातातून सुटतो.