सपोर्टच्या मेलवर पहारा, तोही फुकटात

ग्राहकांच्या मेलवर दिवसभर डोळे लावून बसत असाल तर गुगल ॲप्स स्क्रिप्ट (छोटे प्रोग्रॅम लिहून कामं आपोआप करून घ्यायची सोय) एकदा हाताळून बघाच. जीमेल खात्याबरोबर मिळते, वेगळा सर्व्हर लागत नाही.

'न वाचलेले' मेल मोजत बसू नका. कुणीतरी उघडून तसाच सोडलेला असतो. स्क्रिप्टला प्रत्येक संभाषणातला शेवटचा मेल तपासायला लावा. तो ग्राहकाचा असेल आणि २४ तास उलटले असतील, तरच गुगल शीटमध्ये नोंद. स्क्रिप्ट आपोआप चालावी म्हणून सकाळी आठचा ट्रिगर लावा (तो आठ ते नऊमध्ये कधीही चालतो, घाबरू नका), टीम येईस्तोवर यादी हजर.

यादीतल्या मेलची वर्गवारी शब्दांवरून करताना आपली माणसं कशी लिहितात ते बघा. नुसता 'रिफंड' शोधलात तर 'पैसे परत कधी देताय' निसटतं. आणि 'ओके, थँक्यू' लिहिणारे सज्जन! शेवटचा मेल त्यांचाच असतो, त्यांना वगळायची ओळ आधी लिहा.

स्क्रिप्ट एका दमात ६ मिनिटंच चालते आणि साध्या खात्यावरून दिवसाला १०० जणांनाच मेल जातात. म्हणून तक्रारीगणिक इशारा नको, एकच अहवाल पाठवा. ग्राहकाला उत्तरही आपोआप धाडायचा मोह मात्र मी टाळतो. चिडलेला माणूस साचेबंद उत्तराने आणखी भडकतो.