काट्यांची साक्ष

जुनी मोटार बाळगणाऱ्यांवर एक प्रसंग पुष्कळदा ओढवतो. गाडी घाट चढत असताना पाण्याच्या उष्णतेचा काटा एकाएकी वर जातो. मालक गाडी थांबवतो, बॉनेट उघडतो; पण ना वाफ, ना उकळी. मग इंजिन खरे की काटा खरा?

गाडी थांबवली हे योग्यच झाले. परंतु पंप किंवा थर्मोस्टॅट बदलण्यापूर्वी पेट्रोलच्या काट्याकडे पाहावे. सकाळी अर्धी असलेली टाकी आता पाऊण दिसत असेल, तर दोष इंजिनात नसण्याचाच संभव अधिक.

१९६० नंतरच्या दशकातील अनेक ब्रिटिश मोटारींत, उदाहरणार्थ १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डन येथे बनलेल्या एम.जी.बी.च्या कित्येक गाड्यांत, हे दोन्ही काटे एकाच लहानशा डबीवर अवलंबून असतात. तिला व्होल्टेज स्टॅबिलायझर म्हणतात. तिच्यात दोन धातूंची जोडपट्टी असते. ती तापली की वाकून प्रवाह तोडते आणि निवली की पुन्हा जोडते. या उघडझापीमुळे बॅटरीच्या बदलत्या दाबाऐवजी काट्यांना सरासरी दहा व्होल्ट मिळतात.

डबीचा अर्थ सुटला किंवा गंजला, की पट्टी तापत नाही. प्रवाह अखंड वाहतो आणि दोन्ही काटे अधिक दाखवतात. अशा वेळी पेट्रोलच्या काट्यावर विसंबणारा प्रवासी आडरानात अडकतो. दोन्ही काटे निपचित पडले, तर प्रथम फ्यूज, मग डबीकडे येणारी तार पाहावी. एकच काटा बिघडला असेल, तर बहुधा डबी निर्दोष असते. त्या काट्याची तार आणि टाकीतील किंवा इंजिनावरील युनिट तपासावे. युनिटाची तार सोडवली असता काटा खाली यावा. न आल्यास ती तार कोठेतरी पत्र्याला टेकली आहे असे समजावे. टाकीजवळ ठिणगी उडू नये म्हणून तार सोडताना चावी बंदच असावी.

तेलाच्या दाबाच्या काट्याची गोष्ट मात्र निराळी. पुष्कळ गाड्यांत तेल बारीक नळीतून थेट त्या काट्यापर्यंत येते. डबीशी त्याचा संबंध नाही. तो शून्यावर आला, तर शंका न काढता इंजिन बंद करावे. खोट्या इशाऱ्यापायी अर्धा तास जातो. खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले, तर इंजिनच जाते.