पर्णातील कार्बन व खोडातील पाणी : उमरखेडच्या कोरडवाहू पिकांच्या निमित्ताने

उमरखेड तालुक्यातील काळ्या जमिनीत कपाशीमध्ये तुरीच्या ओळी घेण्याची पद्धत जुनी आहे. कपाशीची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते. तूर मात्र पाऊस सरल्यावरही दीर्घकाळ शेतात उभी असते. ही दोन पिके एकाच थरातील ओलाव्यावर जगतात, की तूर खालच्या थरातील पाणी उचलते, हा प्रश्न कोरडवाहू शेतकऱ्यास केवळ पांडित्याचा नव्हे. तूर कपाशीच्या तोंडचे पाणी पळवीत असेल, तर ओळींचे प्रमाण बदलावयास हवे. मुळे खणून त्यांची खोली कळते. परंतु अमुक खोलीवरील मूळ प्रत्यक्ष पाणी ओढते किंवा नाही, हे त्यावरून कळत नाही.

येथे स्थिर समस्थानिक उपयोगी पडतात. पाण्यातील ऑक्सिजनच्या दर हजार अणूंत सुमारे दोन अणू १८ वस्तुमानांकाचे असतात. असे जड रेणू बाष्पीभवनात मागे रेंगाळतात. म्हणून पाऊस थांबल्यावर पृष्ठभागालगतचे पाणी उत्तरोत्तर जड होत जाते. खालच्या पाण्यावर पावसाची मूळ मुद्रा टिकते. मुळे पाणी शोषताना हे प्रमाण सहसा बदलत नाहीत. सबब खोडातील पाणी निरनिराळ्या थरांतील पाण्याशी ताडून पाहिले असता झाडाचा पाणवठा ओळखता येतो. मात्र काळ्या मातीतील चिकणकण काही पाणी इतके घट्ट धरून ठेवतात, की ते काढण्याच्या पद्धतीनुसार उत्तर किंचित सरकते. ह्या मातीवर काम करणाऱ्याने ही गोष्ट दृष्टिआड करू नये.

कार्बनची कथा निराळी आहे. १३ वस्तुमानांकाचा कार्बन निसर्गात सुमारे १.१ टक्का असतो. पर्णरंध्रांतून आत शिरताना हा जड वायू थोडा मागे पडतो, आणि कर्बग्रहण करणारे विकर त्यास आणखी टाळते. फार्कर, ओलिअरी व बेरी ह्यांनी १९८२ साली मांडलेल्या सूत्राच्या सोप्या रूपात हा एकूण भेद म्हणजे दर हजारी ४.४ अधिक २२.६ गुणिले पानाच्या आतील व बाहेरील कार्बन डाय-ऑक्साइडचे गुणोत्तर. हवेचे मूल्य उणे ८.५ धरल्यास ०.७ गुणोत्तराच्या पानात सुमारे उणे २८, तर ०.६ गुणोत्तराच्या पानात उणे २६ मूल्य येते. फरक अवघा दोनाचा. पण हवामान सारखेच असल्यास तेवढ्यात दर थेंब पाण्यामागे मिळणारा कार्बन एकतृतीयांशाने वाढतो.

एवढ्यावरून कपाशीचा एखादा वाण पाणी काटकसरीने वापरतो, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. गुणोत्तर दोन कारणांनी उतरते : पानाची कर्बग्रहणशक्ती वाढल्यामुळे, अथवा पर्णरंध्रे मिटल्यामुळे. पहिल्या वाणाचे बोंड भरते, दुसरा उपाशी राहून पाणी वाचवितो. कार्बनचे मूल्य दोघांचेही एकच. निवाडा करण्यासाठी त्याच पानाच्या सेल्युलोजमधील ऑक्सिजन मोजावा. रंध्रे मिटून बाष्पोच्छ्वास घटला, तर सामान्यतः तो जड होतो. केवळ कर्बग्रहण वाढले असेल, तर जवळजवळ बदलत नाही. अट एवढीच, की दोन्ही झाडांची हवा व पाणवठा एकच असावा, आणि त्यासाठी पुन्हा खोडातील पाण्याकडेच यावे लागते.

ज्वारी व ऊस ह्यांस हे गणित लागू नाही. त्यांचे कर्बग्रहण दुसऱ्या विकराने सुरू होते; मूल्य उणे १३ च्या आसपास राहते आणि पाण्याच्या ताणाने फारसे हलत नाही. उलट, कपाशीच्या शेतात ज्वारी घेतल्यास मातीतील सेंद्रिय द्रव्यापैकी कोणते ज्वारीच्या धसकटांचे, हे ह्याच अंतरावरून निवडता येते.

तालुक्यातील पैनगंगा अभयारण्यात साग आहे, आणि सागास वार्षिक वलये येतात. रमेश, भट्टाचार्य व पंत ह्यांनी १९८९ साली ठाण्याकडील सागाच्या वलयांतील जड हायड्रोजनचा पर्जन्याशी संबंध दाखविला. शेतातील पीक एका हंगामाचीच साक्ष देते. सागाचे खोड अनेक दशकांच्या पावसाळ्यांची देऊ शकेल.